माकडांचं पोट, उंदरांचं ताट आणि वर्ध्याचा हातसडीचा तांदूळ : गोष्ट डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन यांची

वर्धा शहराला लागून असलेलं सावंगी (मेघे) आज ओळखलं जातं ते मेडिकल कॉलेज आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयासाठी. तिथून जवळच, वर्धा शहरात, मगनवाडी आहे. १९३४ च्या डिसेंबरमध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम याच मगनवाडीतून सुरू झालं. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल, गूळ हे त्याचे मुख्य विषय होते.

या संघाच्या सल्लागारांची यादी वाचली की जरा थांबायला होतं. रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन अशी नावं त्यात आहेत. आणि त्यांच्याच रांगेत आहे एका ब्रिटिश लष्करी डॉक्टरचं नाव, सर रॉबर्ट मॅककॅरिसन.

ब्रिटिश सरकारच्या नोकरीतला हा डॉक्टर गांधीजींच्या यादीत कसा आला? त्याचं उत्तर तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या एका प्रयोगशाळेत आहे. तिथे त्यांनी शेकडो कबुतरं, माकडं आणि हजारो उंदरांना वेगवेगळं जेवण देऊन पाहिलं होतं की निकृष्ट अन्नाने शरीरात आधी काय बिघडतं. बिघाड वारंवार दिसत होता तो आतड्यात. पण तो तिथेच थांबत नव्हता.

गिलगिटमधला तरुण डॉक्टर

मॅककॅरिसन यांचा जन्म १५ मार्च १८७८ चा, उत्तर आयर्लंडमधल्या पोर्टाडाउनचा. बेलफास्टमध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं, १९०० मध्ये पदवी मिळवली आणि १९०१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन ते भारतात आले. पोस्टिंग मिळालं ते थेट वायव्य सरहद्दीवर. आधी चित्रळ, मग गिलगिट.

चित्रळमध्ये सैनिकांना दरवर्षी तीन दिवसांचा एक ताप यायचा. तो वाळूमाशी चावल्यामुळे येतो, असं मॅककॅरिसन यांनी मांडलं. गिलगिटमध्ये त्यांना दिसला गलगंड, म्हणजे गळ्याशी असलेली थायरॉइड ग्रंथी सुजण्याचा आजार. काही गावांत तो घरोघरी होता, तर शेजारच्या गावात जवळपास नव्हताच.

मॅककॅरिसन यांचा संशय गेला पाण्यावर. मग त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. ते आणि काही स्वयंसेवक त्या पाण्यातला गाळ रोज पीत राहिले. काहींची थायरॉइड सुजली. तोच गाळ उकळून प्यायलेल्यांना त्रास झाला नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की पाण्यातले जंतू आतड्यात जातात आणि तिथून थायरॉइडला बाधा करतात. गलगंडाच्या रुग्णांना ते आतडं साफ करणारी औषधंही देत.

हा निष्कर्ष पुरता बरोबर नव्हता. गलगंडाचं मुख्य कारण आयोडीनची कमतरता आहे, हे आज शाळेच्या पुस्तकातही असतं. पण आतड्यात काही घडलं तर त्याचा परिणाम दूरच्या अवयवावर होऊ शकतो का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तिथे शिरला तो कायमचा.

कुन्नूरची एक खोली

१९१३ च्या सुमारास त्यांना संशोधनाच्या कामावर नेमण्यात आलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि काम थांबलं. युद्धातली सेवा आटोपून ते १९१८ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले तेव्हा हातात नवा विषय होता, बेरीबेरी.

बेरीबेरीत पाय सुजतात, नसा निकामी होतात, हृदय थकतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त होता. डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांनी जावा बेटावर कोंबड्यांना पांढरा तांदूळ खाऊ घालून असाच आजार होतो हे १८९० च्या दशकातच पाहिलं होतं. १९१२ मध्ये काझिमीर फंक यांनी अन्नातल्या अशा अत्यावश्यक घटकांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचवलं. तरीही त्या काळी जीवनसत्त्वं एकेक करून वेगळी काढता आलेली नव्हती. नेमकं काय कमी आहे हे सांगता येत नव्हतं, फक्त काहीतरी कमी आहे एवढं दिसत होतं.

पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत या चौकशीचं काम सुरू झालं. मॅककॅरिसन यांनी आधी कबुतरं घेतली आणि त्यांना पॉलिशचा तांदूळ खायला घातला. कबुतरं आजारी पडली, मेली. मग त्यांनी एकेक अवयव काढून वजन केलं. थायमस, प्लीहा, स्वादुपिंड, हृदय, यकृत, मूत्रपिंड असे अनेक अवयव कमी-जास्त प्रमाणात आक्रसले होते. उलट मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या.

म्हणजे हा केवळ नसांचा आजार नव्हता. अन्नात एक गोष्ट कमी पडली की सगळ्या शरीराचा हिशेब बिघडत होता.

माकडांच्या पोटात काय दिसलं?

कबुतरांवरून माणसाबद्दल फार बोलता येत नाही, म्हणून पुढचा टप्पा होता माकडांचा. काही माकडांना चांगलं, ताजं जेवण मिळालं. इतरांना ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या पण त्याहून कडक यंत्रात, खूप वेळ तापवलेला तांदूळ आणि तसंच अन्न दिलं गेलं. पोट भरेल इतकं अन्न होतं, पण उष्णतेने त्यातली जीवनसत्त्वं बरीचशी नष्ट झालेली होती.

चांगलं जेवणारी माकडं धडधाकट राहिली. निकृष्ट अन्नावरच्या माकडांची भूक गेली, अंगावरचं मांस गेलं, आणि त्यांच्यापैकी अनेकांना जुलाब किंवा आव लागली. शवविच्छेदनात आतड्याची भिंत पातळ झालेली, आतलं अस्तर झिजलेलं आणि मोठं आतडं सुजलेलं दिसलं. १९२० मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. १९२१ मध्ये त्यांचं कमतरतेच्या आजारांवरचं पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये निकृष्ट अन्न आणि पोटाचे विकार या विषयावर त्यांनी मेलन व्याख्यान दिलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आतड्याचं अस्तर हे एक कुंपण आहे. कुंपण धड असेल तर आतड्यातले जंतू आतड्यातच राहतात. अन्न निकृष्ट असेल तर कुंपण झिजतं, आतडं सुजतं आणि जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. म्हणून पोटाच्या जुनाट दुखण्यात फक्त जंतू शोधून भागत नाही, त्या माणसाच्या ताटात काय आहे हेही विचारावं लागतं.

आतडं सुजलं तर लिव्हरला काय त्रास?

इथे शरीराची रचना थोडी समजून घेऊया. आपण खाल्लेलं अन्न आतड्यात पचतं आणि बहुतेक पोषकद्रव्यं रक्तात उतरतात. पण आतड्यातून निघालेलं हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल शीर नावाच्या मोठ्या शिरेतून यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन-चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं.

म्हणजे यकृत हा आतड्याच्या दारावरचा जकात नाका आहे. आलेला माल तपासायचा, कामाचा साठवायचा, विषारी असेल तो निकामी करायचा. यकृतात कुप्फर पेशी नावाच्या रखवालदार पेशी असतात. आतड्यातून चुकून आलेले जंतू आणि त्यांचे तुकडे त्या गिळून टाकतात.

अधूनमधून थोडा माल चुकून आला तर नाका तो सांभाळतो. पण आतडं महिनोन् महिने सुजलेलं राहिलं तर जंतूंचे तुकडे सतत येत राहतात. रखवालदार पेशी सतत चिडलेल्या राहतात. मग यकृतातही सूज येऊ शकते. आज विज्ञानात या संबंधाला आतडं आणि यकृताचा अक्ष म्हणतात आणि त्यावर जगभर काम चालू आहे.

मॅककॅरिसन यांनी हे सगळं सिद्ध केलं होतं का? नाही. त्यांच्या कबुतरांचं यकृत आक्रसलं आणि माकडांचं आतडं सुजलं, पण दोन्हींमागे निकृष्ट अन्नच होतं. आतड्याच्या सुजेमुळे यकृत बिघडलं की उपासमारीने दोन्ही स्वतंत्रपणे बिघडले, हे त्यांच्या प्रयोगातून वेगळं काढता येत नव्हतं. जीवनसत्त्वं हाती नव्हती, रक्तातले यकृताचे एन्झाइम मोजायची आजची सोय नव्हती. हातात होता तराजू, सुरी आणि सूक्ष्मदर्शक.

काटकसरीची कुऱ्हाड आणि पुन्हा सुरुवात

काम रंगात असतानाच १९२३ मध्ये सरकारने खर्चकपात केली आणि ही चौकशीच बंद झाली. भारतातल्या लोकांच्या खाण्यावरचं संशोधन हा त्या वेळच्या तिजोरीला न परवडणारा खर्च ठरला. ज्या देशात दुष्काळ, आव आणि बेरीबेरी नेहमीचे होते तिथे हा निर्णय झाला.

१९२५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि पुढे त्याला न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज असं नाव मिळालं. मॅककॅरिसन तिचे पहिले संचालक होते. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी ही संस्था हैदराबादला हलली. आपण आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतो ती हीच. आपल्याकडच्या आहाराबद्दलचे सरकारी सल्ले जिथून येतात, तिची सुरुवात कुन्नूरच्या त्या एका खोलीतली आहे.

‘मराठा आहार’ खाणारे उंदीर

या दुसऱ्या टप्प्यात मॅककॅरिसन यांनी त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग केला. एकाच वयाच्या पांढऱ्या उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका समाजाचं नेहमीचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असे सात गट होते.

ठरावीक दिवसांनी उंदरांची वजनं केली. सगळ्यात वर होते शीख आहारावरचे उंदीर, सरासरी २३५ ग्रॅम. दुसऱ्या क्रमांकावर पठाण, तिसऱ्या क्रमांकावर मराठा आहार. सगळ्यात खाली मद्रासी आहार, १५५ ग्रॅम. शीख आहारात होतं काय? कोंड्यासकट गव्हाच्या चपात्या, दूध, दही, लोणी, डाळ, कच्च्या आणि शिजवलेल्या भाज्या, अधूनमधून थोडं मांस. तळाच्या आहारात पांढरा तांदूळ भरपूर, दूध आणि भाज्या नावापुरत्या.

मग त्यांनी हजाराहून अधिक उंदीर दोन वर्षांहून अधिक काळ चांगल्या आहारावर ठेवले. त्यांच्यात आजार जवळपास दिसलेच नाहीत. त्याच इमारतीत, तशाच पिंजऱ्यांत, तशाच स्वच्छतेत पण निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांना मात्र नाना आजार झाले. त्यांत फुफ्फुसांचे आणि पोट-आतड्याचे आजार सगळ्यात जास्त होते.

टोला फक्त भारतीय जेवणालाच बसला असंही नाही. इंग्लंडमधल्या गरिबांचं जेवण, म्हणजे पांढरा ब्रेड, मार्गारिन, गोड चहा, जॅम, डब्यातलं मांस, त्यांनी उंदरांच्या आणखी एका गटाला दिलं. ते उंदीर खुरटले, चिडचिडे झाले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले, आणि दोनेक महिन्यांनी आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले. १९३६ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या कँटर व्याख्यानांत त्यांनी हे सगळं ब्रिटिश श्रोत्यांसमोर मांडलं.

वर्ध्याने यातून काय घेतलं?

तांदळावरचं त्यांचं काम गावाच्या थेट उपयोगाचं होतं. १९२४ मध्ये मॅककॅरिसन आणि नॉरिस यांनी तांदूळ आणि बेरीबेरीच्या संबंधावर सविस्तर अहवाल लिहिला. भाताचा पोषक भाग बराचसा दाण्याच्या बाहेरच्या थरात असतो. गिरणीत पॉलिश करताना तोच कोंड्यात जातो. तांदूळ खूप वेळा धुतला की उरलेलं पाण्याबरोबर जातं. उकडा तांदूळ करताना मात्र यातला काही भाग दाण्याच्या आत मुरतो आणि वाचतो.

गांधीजींना गिरणीविरुद्ध एक मुद्दा आधीच सापडला होता, तो रोजगाराचा. भात कांडणाऱ्या बायकांचं काम गिरणी हिरावून घेत होती. मॅककॅरिसन यांच्यासारख्यांच्या संशोधनाने दुसरा मुद्दा दिला, तो तब्येतीचा. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातसडीचा तांदूळ, जातं, तेलघाणी यांवर काम उभं केलं ते या दोन्ही मुद्द्यांवर.

यात एक मोठी अडचणही होती. गांधीजींचा जिवंत प्राण्यांची चिरफाड करण्याला ठाम विरोध होता. आणि ज्या माहितीच्या आधारे अन्नसुधारणेची बाजू भक्कम होत होती, त्यातली बरीच माहिती पिंजऱ्यात मेलेल्या कबुतरांच्या, माकडांच्या आणि उंदरांच्या शरीरातून आली होती. हा पेच तेव्हा सुटला नाही, आजही पूर्ण सुटलेला नाही. आता प्राण्यांवरच्या प्रयोगांना समितीची परवानगी लागते, कमीत कमी प्राणी वापरावे असा नियम आहे, पण प्राणी लागतातच.

आणि हेही खरं की गिरण्या थांबल्या नाहीत. पांढराशुभ्र तांदूळ हा ऐपतीचा मान झाला. हातसडीचा तांदूळ आज मिळतो, पण बऱ्याचदा जास्त पैसे मोजून.

मॅककॅरिसन कुठे चुकले?

सोशल मीडियावर मॅककॅरिसन यांचं नाव अनेकदा हुंझा खोऱ्याच्या चमत्कारिक गोष्टींबरोबर येतं. गिलगिटजवळच्या हुंझा लोकांना पोटाचे विकार किंवा कॅन्सर झालेला आपण पाहिला नाही, असं त्यांनी मांडलं होतं. पण हा एका डॉक्टरचा अनुभव होता, गावोगावी तपासणी करून काढलेला निष्कर्ष नव्हता. तिथली माणसं सव्वाशे-दीडशे वर्षं जगतात ही भर नंतरच्या लेखकांनी घातली. त्याला पुरावा नाही.

दुसरी चूक त्यांच्या काळाची होती. कोणता समाज लढाऊ आणि कोणता दुबळा हे ब्रिटिशांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि मॅककॅरिसन यांनी आहाराचे गट पाडले ते याच चौकटीत. प्रत्यक्षात एकाच समाजात श्रीमंताचं ताट वेगळं असतं आणि मजुराचं वेगळं.

तिसरी गोष्ट प्राण्यांची. उंदीर स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतो. माणूस, माकड आणि गिनिपिग यांना ते जमत नाही. म्हणजे क जीवनसत्त्वाशिवायच्या जेवणावर उंदीर ठणठणीत राहील आणि माणसाच्या हिरड्यांतून रक्त येईल. उंदरावर दिसलं म्हणून माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे कोणतीही आरोग्यविषयक पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आजचे उंदीर काय सांगतात?

मॅककॅरिसन यांना जे वेगळं काढता आलं नाही, ते आजच्या प्रयोगशाळेत काढता येतं. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम नावाचं रसायन मिसळतात. त्याने मोठ्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि सूज येते. काही दिवस रसायन, काही दिवस साधं पाणी असं आलटून-पालटून दिलं की सूज जुनाट होते. दोन्ही गटांना खाणं सारखंच दिलं जातं, त्यामुळे फरक बराचसा आतड्याच्या सुजेचाच धरता येतो. मग यकृत तपासतात. जंतूंचे अंश पोर्टल शिरेतून यकृतापर्यंत पोचल्याचं आणि तिथे सूज वाढल्याचं अशा अनेक प्रयोगांत दिसलं आहे. ती किती वाढते हे रसायनाचं प्रमाण, काळ आणि उंदराची जात यांवर ठरतं.

माणसातही असा संबंध दिसतो. मोठ्या आतड्याची जुनाट सूज असलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताच्या पित्तनलिका सुजून अरुंद होतात. असे रुग्ण थोडे असतात, पण म्हणूनच आतड्याच्या जुनाट आजारात डॉक्टर लिव्हरच्या रक्ततपासण्याही सांगतात. पोटाचा आजार असताना लिव्हरची टेस्ट कशाला, असं वाटून ती टाळू नये. महिनोन् महिने जुलाब, शौचातून रक्त किंवा वजन घटणं असेल तर घरगुती उपायांवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावं. आहार महत्त्वाचा आहे, पण या आजारात एकटा आहार औषधाची जागा घेत नाही.

शेवटची वर्षं

१९३३ मध्ये मॅककॅरिसन यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९३५ मध्ये मेजर जनरल म्हणून ते निवृत्त झाले आणि ऑक्सफर्डला स्थायिक झाले. कुन्नूरची जबाबदारी वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी घेतली. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचं काम बरीच वर्षं पाहिलं. १८ मे १९६० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

गलगंडाचं त्यांचं उत्तर अपुरं ठरलं, हुंझाची गोष्ट फुगवली गेली, समाजांच्या आहाराची ती उतरंड आज कुणी तशी मांडणार नाही. टिकलं ते माकडांच्या पोटात त्यांना दिसलेलं सत्य. आतड्याचं अस्तर दुबळं झालं की आजार आतड्यापुरता राहत नाही. आणि ते अस्तर धड राहणं बऱ्याच अंशी रोजच्या ताटावर अवलंबून असतं. ज्याच्या ताटात नुसता पांढरा भात आणि वर पातळ आमटी आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न १९२० मध्ये जितका खरा होता तितकाच आजही आहे.